बैठकीच्या खोलीतली नैनपूर लाइन

सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी गीतांजली टेंभेकर बैठकीच्या खोलीत जमिनीवर बसून इंजिनाची चाकं पुसत होती. वीतभर लांबीचं डिझेल इंजिन जुन्या टॉवेलच्या घडीवर पाठीवर निजवलेलं होतं. दोन तारा लावून तिने चाकं फिरती ठेवली होती आणि स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा त्यांना टेकवून धरला होता. बोळा काळा झाला की दुसरा घ्यायचा. हे काम ती रोजच करते, पण त्या दिवशी तिने ते दोनदा केलं. संध्याकाळपर्यंत ती घरी नसणार होती आणि इंजिन मध्ये थांबून चालणार नव्हतं.

शेजारच्या पलंगावर तिचे सासरे मुरलीधर टेंभेकर बूट घालत होते. वय एकोणऐंशी. रेल्वेत ड्रायव्हर होते. हाऊबाग ते नैनपूर या नॅरोगेज लाइनीवर त्यांनी आयुष्यभर डिझेल इंजिन चालवलं. ती लाइन बंद झाली, रूळ उखडले गेले, त्या जागी मोठी लाइन आली. हे सगळं त्यांनी पाहिलं होतं, पण गेल्या चार वर्षांत ते विसरले आहेत. त्यांच्या हिशेबाने त्यांची रोज सकाळी ड्यूटी असते.

पहिल्यांदा ते घरातून गेले तेव्हा मदनमहल स्टेशनच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसलेले सापडले. दुसऱ्यांदा ते ग्वारीघाटला मिळाले. एका नावाड्याला विचारत होते, इथलं स्टेशन कुठे हलवलं? डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप यायची आणि झोपेतून उठताना ते पडायचे. मग डॉक्टरांनीच सांगितलं, यांचं मन कशात तरी गुंतवा.

गीतांजलीने आयटीआय केलेलं आहे, इलेक्ट्रॉनिक्समध्ये. लग्नाआधी ती नागपूरला एका दुकानात इन्व्हर्टर दुरुस्त करायची. तिचा नवरा अनुपम विजेच्या इंजिनावर लोको पायलट आहे, बीनाला असतो, पंधरा-वीस दिवसांनी घरी येतो. मुलगी वैष्णवी नागपूरला वसतिगृहात. जबलपूरच्या गढा भागातल्या या घरात दिवसभर दोनच माणसं असतात. दाराला कुलूप लावून ठेवलं तर बाबा दार वाजवत राहतात आणि गल्ली जमते. म्हणून कुलूप लावण्याऐवजी तिने खोलीत रूळ टाकले.

पहिलं इंजिन खेळण्यातलं होतं. बटण दाबलं की ते एकदम उडी मारून सुटायचं. बाबांनी ते एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"गाडीत माणसं आहेत," ते म्हणाले. "अशी सुटते का गाडी?"

त्यांचं बरोबर होतं. खेळण्यातल्या स्वस्त मोटरीला सुरू व्हायलाच निम्मी वीज लागते. त्याखाली ती हलत नाही आणि त्यावर गेली की धावते. हळू सुटणं तिला जमत नाही. गीतांजलीने नागपूरच्या एका हौशी माणसाकडून जुन्या मॉडेलचा सांगाडा आणवला. त्याची मोटर चांगली होती, तिच्या दोन्ही टोकांना पितळेची जड चाकं म्हणजे फ्लायव्हील होती. वीज क्षणभर कमी झाली तरी ती चाकं फिरत राहतात आणि इंजिन झटका खात नाही. वरचं शरीर तिने स्वतः प्लास्टिकच्या पत्र्यातून कापलं. रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर, खऱ्या नॅरोगेजचं अडीच फूट. भागाकार केला तर शेचाळीस येतात. म्हणून इंजिन शेचाळिसाव्या हिश्शाचं. वेगही तसाच काढला. ताशी चाळीस किलोमीटर धावणाऱ्या गाडीचं मॉडेल सेकंदाला चोवीस सेंटिमीटर गेलं पाहिजे. आणलेली मोटर त्याच्या तिप्पट पळत होती. गिअर बदलून तिने ती खाली आणली.

वजनाचा प्रश्न उरला. हलकं इंजिन डबे ओढताना जागीच चाकं फिरवतं, शिवाय रुळावर नीट दाबून न बसल्याने त्याला वीज मिळत नाही. ग्वारीघाटला मासे पकडायच्या जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या तिने आणल्या आणि इंजिनाच्या पोटात दोन्ही बाजूंना सारख्या भरल्या. एका बाजूला जास्त झाल्या तर पुढची चाकं वळणावर उचलतात. आठही चाकांना तांब्याच्या पातळ, लवचिक पट्ट्या टेकवल्या, म्हणजे एखाद्या चाकाखाली धूळ आली तरी बाकीची वीज घेतील. गढ्यात धुळीला तोटा नाही.

खोलीभर लंबगोल लाइन. एका कडेला हाऊबागचं स्टेशन, समोरच्या भिंतीला थर्माकोलचा डोंगर, डोंगरातून बाहेर पडलं की जुन्या पद्धतीचा हाताचा सिग्नल. हात आडवा असेल तर ऑन, म्हणजे थांबा. खाली झुकला की डाउन, म्हणजे या. बाबा खुर्चीत बसून वेगाचं बटण फिरवतात. दरवेळी तेच स्टेशन येतं याची त्यांना अडचण नाही. एक फेरी ग्वारीघाट, दुसरी जमतरा, मग चारगाव. घंसौर गेलं की ते पाणी पितात. नैनपूर आलं की उतरतात, जेवतात, झोपतात आणि दुपारी परतीची गाडी घेतात. इंजिन अडखळलं नाही तर संध्याकाळपर्यंत ते घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. अडखळलं तर लगेच टोपी घालतात. फेल झालेल्या इंजिनाची खबर द्यायला ड्रायव्हरला पायी जावं लागतं.

म्हणून इंजिन बिनचूक चालवणं हा दोन वर्षं गीतांजलीचा धंदा झाला होता. त्यात कुंडम गावाहून पत्र आलं. तिथल्या शाळेत प्रयोगशाळा सहायकाच्या जागेसाठी तिने परीक्षा दिली होती, निवड झाली होती. महिनाअखेरच्या आत रुजू व्हायचं. अडतीस वर्षांच्या बाईला अशी जागा पुन्हा मिळत नाही, हे तिलाही माहीत होतं आणि गल्लीलाही.

शेजारच्या शरयू सुभेदार म्हणाल्या, "जा तू. मी बसते भाऊजींजवळ. जेवायला वाढायचं ना फक्त? तुझं ते इंजिन तेवढं मला हात लावायला सांगू नको, बाई."

"हातच लावायचा नाही, काकू. ते आपोआप चालून राहिलं पाहिजे. म्हणूनच तर करून राहिली एवढं."

तिने इंजिनात वीज साठवणारा एक कपॅसिटर बसवला. आता वीज सेकंदभर पूर्ण गेली तरी गाडी चालू राहत होती. त्या सकाळी तिने चाकं पुसली, रूळ पुसले, शरयूकाकूंना बोलावलं आणि कुंडमची बस धरली. एरवी ती अनुपम घरी असताना किंवा बाबा झोपल्यावरच बाहेर पडायची; नोकरीच्या आधी एक दिवस पूर्ण बाहेर राहून पाहायचं होतं.

शाळा बसस्टँडपासून जवळ होती. मागच्या खिडकीतून सालवृक्ष दिसत होते. प्रयोगशाळेच्या कपाटात सुई अडकलेले तीन गॅल्व्हानोमीटर होते. शाळेच्या बाबूने सहज म्हणून ते दाखवले. तिने एक उघडून बोटाच्या टोकाने सुई मोकळी केली. "मैडम, आप तो आज ही जॉइन कर लीजिए," बाबू म्हणाला.

ती परतली तेव्हा शरयूकाकू फाटकात बाबांच्या सदऱ्याची बाही धरून उभ्या होत्या. बाबांच्या डोक्यावर टोपी, हातात डबा.

"दुपारपासून तिसऱ्यांदा होऊन राहिलं हे," काकू म्हणाल्या. "माझा हात दुखून गेला, गीता. भाऊजींमध्ये अजून ताकद आहे बरं का."

"इंजिन बंद पडलं का?"

"मला काय कळतं? उभं आहे ते. दिवा चालू आहे."

इंजिन सिग्नलच्या अलीकडे उभं होतं, पुढचा दिवा पेटलेला. गीतांजलीने बटण फिरवलं. गाडी लोण्यासारखी सुटली.

पुढचे दोन दिवस तिने दोष शोधला. मोटरीचे ब्रश बदलले, गिअरचं ग्रीस धुऊन नवं भरलं, कपॅसिटर काढून मोजला. डोंगराच्या तोंडाशी रुळाचा एक सांधा किंचित उंच वाटला, तो घासला. ती घरी असताना इंजिन एकदाही थांबलं नाही. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा बाहेर गेली, गढ्याच्या बाजारापर्यंतच. अर्ध्या तासात काकूंचा फोन आला. इंजिन त्याच जागी उभं होतं.

रविवारी अनुपम आला. आंघोळीला गेला. बाबा खुर्चीत बसून गाडी चालवत होते. गीतांजली त्यांच्या मागे, कुठे अडतं ते पाहायला मुद्दाम गप्प उभी होती. इंजिन डोंगरातून बाहेर आलं.

"होम डाउन," बाबा म्हणाले. होम म्हणजे स्टेशनात शिरण्याआधीचा सिग्नल. त्याचा हात खाली झुकलेला होता.

"होम डाउन!" मोरीतून अनुपमचा आवाज आला.

गाडी सिग्नल ओलांडून गेली.

गीतांजली मोरीच्या दाराशी गेली. "तुम्ही आत्ता काय म्हटलं?"

"काय म्हटलं? काही नाही म्हटलं. साबण दे."

"सिग्नलचं म्हटलं तुम्ही."

आत पाणी ओतायचं थांबलं. "अच्छा, ते. ते तर निघून जातं तोंडातून."

इंजिनात दोन माणसं असतात, ड्रायव्हर आणि असिस्टंट. सिग्नल दिसला की एकाने मोठ्याने सांगायचा, दुसऱ्याने स्वतः पाहून तेच परत म्हणायचं. परत आवाज आला नाही तर ड्रायव्हरने गाडी पुढे नेऊ नये. टेंभेकरांच्या घरात हे जेवणाच्या पाटावरसुद्धा चालायचं. "मीठ?" "मीठ." लग्न होऊन आल्यावर गीतांजलीला त्याचं हसू यायचं. आता ती पोळ्या लाटता लाटता, कपडे वाळत घालता घालता, फोनवर बोलता बोलता मान न वळवता, बाबा म्हणतील तेच त्यांच्या मागोमाग म्हणायची, होम डाउन. फेरीत एकदा, दिवसभर. बाबा तिला त्या वेळी शुक्ला म्हणतात. हा त्यांचा जुना असिस्टंट. आवाज बाईचा आहे याचं त्यांना काही वाटत नाही.

हे काम आहे असं कोणीच धरलं नव्हतं. दोन वर्षं तिला वाटत होतं, बाबांना इंजिनाने धरून ठेवलं आहे.

शरयूकाकूंच्या घरात रेल्वेचं कोणी नव्हतं, यजमान वीज मंडळात होते. काकूंना समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढंच ना? त्यात काय." सोमवारी त्या खुर्चीशेजारी बसल्या. बाबा म्हणाले, होम डाउन. काकू म्हणाल्या, "हो हो, डाउन आहे, दिसलं मला. भाऊजी, थोडा पोहा घ्या ना."

बाबांनी गाडी थांबवली आणि वळून पाहिलं. "ये कौन सवारी इंजन में चढ़ गई? उतरिए, माताजी."

"मी उतरते," काकू गीतांजलीला म्हणाल्या, "पण मला माताजी काहून म्हटलं? माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे आहेत."

माणूस ठेवून पाहिला. त्याने तीन दिवस काढले आणि मला रेल्वेत भरती व्हायचं नाही म्हणून सांगितलं.

मग गीतांजलीने तिला जे येतं ते केलं. डोंगराच्या तोंडाशी रुळाखाली एक चुंबकावर चालणारी कळ बसवली. इंजिन वरून गेलं की थोड्या वेळाने लहानशा स्पीकरमधून तिचाच आवाज यायचा. सिग्नल नेहमी डाउन नसतो, मधून मधून ऑन राहावा अशी सोय तिने आधीच केली होती, नाहीतर बाबांना संशय येतो. म्हणून आवाज दोन. सिग्नलच्या हाताला तार जोडली, हात जसा असेल तसा आवाज. दोन दिवस ती स्वयंपाकघरात तोंड मिटून बसली. स्पीकर म्हणायचा, होम डाउन, आणि गाडी जायची. स्पीकर म्हणायचा, होम ऑन, आणि गाडी थांबायची. तिने शाळेत फोन करून सांगितलं, शेवटच्या दिवशी येते. साडीला इस्त्री करून ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी इंजिन डोंगरातून बाहेर आलं. सिग्नलचा हात खाली झुकलेला होता.

"होम ऑन," बाबा म्हणाले.

"होम डाउन," स्पीकर म्हणाला.

"ठीक से देख. ऑन है."

स्पीकर गप्प. गीतांजली स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. सिग्नल डाउनच होता. बाबांनाही तो दिसत होता, कारण ते त्याच्याकडेच बघत होते.

"साफ बोल, शुक्ला. आँख तेरी है कि मेरी?"

बाबांनी गाडी थांबवली. तिने उत्तर दिलं नाही. किती वेळ वाट पाहतात ते तिला बघायचं होतं. कदाचित कंटाळतील, बटण फिरवतील, विसरतील. बाबांनी खुंटीवरून टोपी घेतली. डबा घेतला. डब्यात काही नव्हतं, तरी झाकण दाबून पाहिलं. बूट होतेच पायात. ते दाराशी गेले आणि त्यांनी कडी काढली. बाहेर एक ऑटो हॉर्न वाजवत गेला. त्यांनी एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवला.

"नहीं साहब," गीतांजली म्हणाली, "डाउन है."

बाबा थांबले. "पक्का?"

"पक्का. डाउन है."

"तो इतनी देर से मुँह में दही जमा था क्या?" ते परत आले, टोपी खुंटीला लावली, खुर्चीत बसले. गाडी सुटली.

त्या दुपारी तिने बीनाला फोन लावला.

"ते परीक्षा घेऊन राहिले ना तुझी," अनुपम हसला. "जुने ड्रायव्हर करतात तसं. मुद्दाम उलटं सांगायचं. असिस्टंट झोपेत हो म्हणतो की बघून बोलतो, ते कळतं. मला शिकवताना पण करायचे. एकदा माझ्या मुस्कटात ठेवून दिली होती."

"रोज घेतील आता?"

"मनात येईल तेव्हा घेतील. त्याला नियम नसतो. नियम असला तर असिस्टंट पाठ करेल ना."

जागेपणाचं रेकॉर्डिंग करता येत नव्हतं, एवढं गीतांजलीला कळलं.

"तुम्ही बदली मागा जबलपूरला," ती म्हणाली.

"मागितली आहे ना. तुला माहीत आहे. यादीत आहे नाव."

"रजा घ्या मग. मी रुजू होऊन येते, पुढचं पुढे पाहू."

"किती दिवस घेऊ? दहा? मग अकराव्या दिवशी काय करशील?" तो वाईट बोलत नव्हता, हिशेब सांगत होता. "गीता, तू घरी आहेस म्हणून मी इथे निश्चिंत गाडी चालवून राहिलो. हे मी सगळ्यांना सांगतो, विचार कोणाला पण."

"हो. तुम्हाला दोन असिस्टंट आहेत. एक इंजिनात, एक घरी. इंजिनातल्याची ड्यूटी संपते."

"असं काहून बोलतेस?"

"काही नाही. जेवले का तुम्ही?"

"जेवलो."

"जेवलो," ती म्हणाली, आणि आपण काय केलं ते लक्षात येऊन फोन ठेवला.

मुदतीचा शेवटचा दिवस शनिवार होता. अकरा वाजता शाळेतून बाबूचा फोन आला. त्याने बस चुकली का विचारलं. मग म्हणाला, प्रिन्सिपल साहेब पाचपर्यंत बसतील, त्यानंतर यादीतल्या पुढच्या नावाला कळवावं लागेल. बैठकीत इंजिन चारगावला पोचत होतं. गीतांजलीने फोनवर हात ठेवला, म्हणाली, होम डाउन, मग हात काढला.

"बता दीजिए उन्हें," ती बाबूला म्हणाली. "पाँच बजे तक रुकने की ज़रूरत नहीं."

इस्त्रीची साडी तिने कपाटात परत ठेवली. शरयूकाकू संध्याकाळी आल्या, पलंगाच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या की कुंडमला तसंही पावसात रस्ता बंद होतो. गीतांजली म्हणाली, होतो. काकूंनी आणखी दोन कारणं सांगितली. तिने तीही मान्य केली.

एक अडचण तांत्रिक होती. बाबांनी उलटं सांगायला सुरुवात केल्यापासून आवाज नुसता देऊन भागत नव्हतं, सिग्नल खरंच पाहावा लागत होता. तो डोंगराच्या तोंडाशी होता आणि स्वयंपाकघरातून दिसत नव्हता. प्रत्येक फेरीला हातातलं टाकून दारापर्यंत यावं लागायचं. शनिवारी दूध दोनदा उतू गेलं.

रविवारी बाबा दुपारचे झोपले तेव्हा तिने स्पीकर काढला, कळ काढली. सिग्नलचा खांब मुळातून उपटला आणि लाइन जिथे स्वयंपाकघराच्या दाराच्या रेषेत येते तिथे भोक पाडून बसवला. तार तेवढी लांब केली. मग शेगडीसमोर उभी राहून तिने पाहिलं. हात अर्धाच दिसत होता, चौकट आड येत होती. खांब चार बोटं पुढे घेतला. आडव्या हाताची लाल बाजू उजेडात फिकी वाटली म्हणून तिच्यावर पांढरा पट्टा रंगवला. इंजिनाला आता सिग्नलपासून स्टेशनापर्यंत थांबायला कमी जागा मिळणार होती. फ्लायव्हीलमुळे ते बटण बंद केल्यावरही हातभर घसरत जातं. तिने ते पाच वेळा थांबवून पाहिलं. ते प्रत्येक वेळी फलाटाच्या आत थांबलं.

बाबा उठले, खुर्चीत बसले आणि सिग्नलच्या नव्या जागेकडे पाहिलं.

"शिफ्ट केला?"

"शिफ्ट केला."

"अच्छा किया. पहले दिखता नहीं था."

उद्या सोमवार. पहिली गाडी हाऊबागहून सात वाजता सुटते, आणि होम सिग्नल आता शेगडीसमोर उभं राहिलं की दिसतो.